रिकामा टँकर रिकामा नसतो



ऊस खात्याच्या माणसाने टँकरवर का लिहावे, असे काही जण म्हणतील. पण अर्कशाळेतून स्पिरिट घेऊन जाणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर-क्लीनर म्हणून आपल्याच सभासदांची पोरे आहेत.

कल्याणशेजारी शहाडला सेंचुरी रेयॉनचा कारखाना आहे. तेथे २३ सप्टेंबर २०२३ रोजी भरणीसाठी आलेल्या टँकरचा स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. रेयॉनचा धागा काढायला कार्बन डायसल्फाइड लागते. हे द्रव ४६ अंशांवर उकळते. त्याच्या वाफेला ठिणगीचीही गरज नाही, १०० अंशांच्या आसपास तापलेली स्टीमची नळी पुरते. म्हणून ते पाण्याच्या किंवा नायट्रोजनच्या थराखाली ठेवतात.

आपले स्पिरिट इतके तापट नाही. तरी हवेत त्याची वाफ ३.३ ते १९ टक्के झाली की मिश्रण पेट घेते, आणि आपल्या हवामानात बंद टाकीच्या तळाशी थोडे स्पिरिट उरले तरी वाफ नेमकी याच हद्दीत येते. भरलेल्या टँकरला सगळे भितात. माल उतरला की मात्र बिड्या निघतात, गळका व्हॉल्व्ह जोडायला गाडी थेट गॅरेजात जाते. टाकी नीट धुऊन, आतली वाफ यंत्राने मोजून, लेखी दाखला मिळाल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू देऊ नये. राज्य उत्पादन शुल्काचे सील चोरी रोखते, आग नव्हे!

नायट्रोजन भरलेल्या टाकीत आग लागत नाही, पण उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वास नाही, रंग नाही. मळीच्या टाकीचेही तसेच. तळची मळी पाणी लागून आंबते, कार्बन डायऑक्साइड साठतो. एक पडला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो आणि दोघेही जातात. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीतच.

भरताना अर्थिंगची तार आधी, झाकण नंतर. काठोकाठ भरू नये. २०,००० लिटर स्पिरिट २० अंशांनी तापले तर ४०० लिटरहून जास्त फुगते.

रस्त्यात टँकर उलटलेला दिसला तर कॅन घेऊन धावू नये. वाऱ्याच्या बाजूने, लांबूनच पाटीवरचा आकडा वाचावा (स्पिरिटचा ११७०) आणि १०१ ला कळवावा.

आणखी एक. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवाल तेव्हा त्यात आधी काय वाहिले होते, हे ड्रायव्हरला विचारून घ्या.