भित्र्या कुत्र्याची वेणीफणी

शेतावर राखणीला असणाऱ्या गावठी कुत्र्याची वेणीफणी कुणी करीत नाही. त्याचे केस आखूड असतात. ओढ्यात डुंबले, मातीत लोळले, अंग झाडले की त्याची स्वच्छता झाली. पण अलीकडे तालुक्याच्या गावीच नव्हे, तर वाडीवस्तीवरच्या घरांतही लहान चणीची, लांब केसांची कुत्री दिसतात. आपण त्यांना सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो. खरे पाहता त्यांतली पुष्कळशी भारतीय स्पिट्झ जातीची असतात. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि खाली लोकरीसारखी मऊ लव. ही लव विंचरली नाही, तर कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे तिचे गठ्ठे होतात. गठ्ठ्याखाली ओल राहते, कातडी लाल होते आणि गोचिडांना लपायला आयती जागा मिळते. गोचीड नुसते रक्त पीत नाही. तिच्या चाव्यातून कुत्र्याला जीवघेणा ताप येऊ शकतो. तेव्हा या कुत्र्यांची वेणीफणी ही हौस नव्हे, गरज आहे.

आता अडचण अशी की, फणी दिसली रे दिसली की कुत्रं कॉटखाली! मग एकजण मान धरतो, दुसरा पाय धरतो, पोरं भोवती गलका करतात आणि कुणीतरी वडीलधारे म्हणतात, “धरा घट्ट, एकदाच काय ते उरकून टाकू.” वाचकहो, हे ‘एकदाच’ फार महागात पडते. का, ते सांगण्यासाठी थोडे दूर, रशियात जावे लागेल.

इव्हान पावलोव्ह या शास्त्रज्ञाचे नाव शिक्षकमंडळींना परिचयाचे आहे. अन्न मिळण्यापूर्वी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. पण त्यांच्या प्रयोगशाळेतली दुसरी एक हकीगत तितकीशी सांगितली जात नाही. 23 सप्टेंबर 1924 रोजी लेनिनग्राड शहरात, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, नेवा नदीला मोठा पूर आला. पावलोव्ह यांची कुत्री पिंजऱ्यांत होती. पाणी चढत गेले. कुत्री कशीबशी तोंड वर ठेवून पोहत राहिली. शेवटी माणसे पोहोचली आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. जीव वाचला, पण काही कुत्री शिकलेले सारे विसरून गेली. पुढे ती हळूहळू सावरली. त्यानंतर अशाच एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीकशी धार सोडण्यात आली. पूर नाही, धोका नाही, नुसते पाण्याचे ओघळ. तेवढ्याने ते कुत्रे पुन्हा सैरभैर झाले.

यावरून काय ध्यानात घ्यायचे? भीती बसायला एक प्रसंग पुरतो, आणि ती नुसत्या खुणेनेही परत येते. चौघांनी दाबून धरून घातलेली आंघोळ हा आपल्या मते साधा प्रसंग. तीन-चार किलो वजनाच्या जिवाला तो पुरासारखाच. दुसऱ्या खेपेला घंगाळाचा आवाज हीच त्याची दाराखालची धार होते. “पण मागच्या वेळी ते अगदी गप्प उभं राहिलं होतं,” असेही कुणी सांगेल. गप्प राहणे आणि शांत असणे यांत फरक आहे. सुटायला वाट नाही असे कळले, की प्राणी थिजून जातो. ते थिजणे म्हणजे संमती नव्हे.

बरे, बसलेली भीती निघते का? निघते. योगायोग असा की, त्याच 1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. पीटर तीन वर्षांचाही नव्हता. त्याला सशाची विलक्षण भीती वाटे; केसाळ कोटाची, कापसाचीही वाटे. बाईंनी त्याला दटावले नाही, “सशाला काय भ्यायचं!” असा उपदेशही केला नाही. पीटर आवडीचे खात बसला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला जाई. पीटरचे खाणे बिनघोर चालू राहील इतकाच तो जवळ आणायचा. असे पुष्कळ दिवस चालले. मध्यंतरी मुलगा तापाने आजारी पडला, रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि गेलेली भीती परत आली. तेव्हा बाईंनी पुन्हा लांबून सुरुवात केली. अखेरीस पीटर सशाला बोटे कुरतडू देऊ लागला.

आपल्या कुत्र्याच्या बाबतीत फणी, कात्री आणि पाणी हे त्याचे ससे आहेत. रीत तीच: जवळ आणायचे, पण खाणे थांबणार नाही इतकेच.

प्रथम भीती ओळखायला शिका. कुत्रे चावण्याच्या कितीतरी आधी सांगत असते. झोप नसता जांभई देणे, खायला काही नसता ओठ चाटणे, मान वळवणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, कान मागे, शेपटी पोटाखाली, एक पाय अधांतरी, उन्हाळा नसता धापा टाकणे, या साऱ्या त्याच्या सूचना. सर्वांत सोपी खूण म्हणजे आवडीचा खाऊही त्याने नाकारणे. खाऊ नाकारला की समजावे, ससा फार जवळ आला. गुरगुरले तर मारू नका. मार खाल्लेले कुत्रे भ्यायचे थांबत नाही, फक्त सांगायचे थांबते. आणि मग एखादे दिवशी न सांगता चावते.

आता कृती. रोज दोन वेळा, दोन-तीन मिनिटे, यापेक्षा जास्त नको. खाऊ बिनमिठाचा: उकडलेल्या कोंबडीचे चिमूटभर तुकडे, पनीर, नाहीतर भाकरीचे कण. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषारी. बसायला सतरंजी किंवा गोणपाट घ्या, कारण गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की कुत्रे निम्मे घाबरलेलेच असते. त्याला टेबलावर चढवू नका. तुम्हीच खाली बसा, तोंडासमोर न बसता बाजूला बसा. फणी त्याच्या डोक्यावरून नेऊ नका. घरातल्या एकाच माणसाने हे करावे; बाकीच्यांनी, विशेषतः पोरांनी, तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जावे.

पहिल्या दिवशी फणी नुसती सतरंजीवर ठेवा. कुत्र्याने तिच्याकडे पाहिले, हुंगले, की खाऊ द्या. क्रम चुकवू नका: आधी फणी, मग खाऊ. उलटे केले तर खाऊ हीच फणीची वर्दी ठरते आणि कुत्रे खाऊलाही भिऊ लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फणी हातात घ्या, खाऊ द्या. मग फणीची पाठ त्याच्या खांद्याला लावा, खाऊ द्या. मग खांद्यावरून एकच हात फिरवा. पोट, पाय आणि शेपटी अगदी शेवटी. कुत्रे उठून निघाले तर जाऊ द्या. आपण उठून जाऊ शकतो हे कळलेले कुत्रे आपण होऊन परत येते, असा अनेकांचा अनुभव आहे. एखादे दिवशी माघार झाली तर पीटर आठवा आणि दोन पायऱ्या खाली उतरा.

गुंता सोडवताना केस कातडीजवळ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. टोकाकडून सुरुवात करीत मुळाकडे या. गुंता आंघोळीपूर्वीच सोडवावा. ओला झाला की तो घट्ट बसतो. कातडीला चिकटलेला गठ्ठा कात्रीने कापू नका. लव वर ओढली की तिच्याबरोबर कातडीही उचलली जाते आणि कात्रीत सापडते. उन्हाळा आला म्हणून अशा कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नयेत. केसांचे ते थर कातडीचे उन्हापासून रक्षण करतात.

नखांची गोष्ट थोडी वेगळी. कुत्र्याला साधारणपणे अठरा नखे असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. ती एका बैठकीत कापलीच पाहिजेत असे कुणी सांगितले? दिवसाला एक नख कापले तरी अठरा दिवसांत फेरी पुरी होते. आधी काही दिवस त्याच्याजवळ नेलकटरने खराट्याची काडी कापा आणि खाऊ द्या, म्हणजे तो ‘कट्’ आवाज ओळखीचा होतो. पांढऱ्या नखात आतली गुलाबी नस दिसते. तिच्या अलीकडेच थांबा. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून टोकाचा कणभरच भाग घ्या. केस कापायचे यंत्र वापरायचे असेल, तर ते आधी पलीकडच्या खोलीत चालू ठेवा. आपल्याला ऐकू न येणारे बारीक स्वर कुत्र्याला ऐकू येतात.

आंघोळीला नळीचा फवारा नको. कोमट पाणी तांब्याने, पाठीमागून, हळूहळू घाला. तोंड ओल्या फडक्याने पुसा, कानात पाणी जाऊ देऊ नका. कपडे धुण्याचा किंवा आपल्या अंगाचा साबण त्याच्या कातडीला मानवत नाही. कुत्र्याचाच वापरा आणि फेस पुरता धुऊन काढा. एरवी विंचरणे चालू असेल, तर महिन्याकाठी एक आंघोळ पुष्कळ झाली.

काही प्रसंगी मात्र थांबून चालत नाही. कालपर्यंत हात लावू देणारे कुत्रे आज एकाएकी कळवळू लागले, तर ती भीती नसून दुखणे असेल: कान, दात किंवा सांधा. गोचिडी फार झाल्या, गठ्ठ्याखाली जखम झाली, तर सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. लागल्यास डॉक्टर गुंगीचे औषध देऊन काम करतात. माणसाच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका. आणि एवढे करूनही कुत्रे चावलेच, तर जखम लहान म्हणून सोडू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच आरोग्य केंद्रात जावे. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली असलीच पाहिजे.

शिक्षकबंधुभगिनींना वेगळे सांगायला नको. फळ्यापाशी बोलावले की ज्याचे पाय लटपटतात असा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. तोही हट्टी नसतो. त्याचा ससा कुणीतरी एकदम जवळ आणलेला असतो. त्याला आधी जागेवर बसूनच उत्तर देऊ द्यावे, मग जागेवर उभे राहून, मग फळ्यापर्यंत. वेळ लागतो, यात शंका नाही. पण धाकाने वाचवलेला वेळ पुढे दामदुपटीने भरावा लागतो, मग ती शाळा असो की अंगण.

तेव्हा आज घरी गेल्यावर कुत्र्याला धरू नका. सतरंजी अंथरा, तिच्यावर फणी ठेवा, मूठभर खाऊ घेऊन शेजारी बसा. पहिल्या दिवसाचे काम एवढेच.