झाडांत घातलेला पैसा

गेल्या महिन्यांत आमच्या तालुक्यांतील एका गृहस्थांनीं आम्हांस एक छापील पत्रक आणून दाखविलें. शहरांतील कांहीं तरुण उद्योजकांनीं एकत्र येऊन पडीक जमिनीवर वृक्ष लावण्याची योजना काढली आहे. शेतकऱ्यानें जमीन द्यावी, बाहेरच्या लोकांनीं भांडवल घालावें आणि पंधरा वर्षांनीं लांकडाचें उत्पन्न वांटून घ्यावें, असा तिचा आशय. पत्रकांत धरणीमातेचें ऋण, नीतीचा पैसा, हवेंतील कर्बाचें शोषण इत्यादि विषयांवर पुष्कळ मजकूर होता. परंतु तें लांकूड शेवटीं कोण विकत घेणार, याविषयीं एक ओळही नव्हती. "यावर सही करावी काय?" असा त्या गृहस्थांचा प्रश्न. त्यांस जें सांगितलें तेंच थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

लांकडासाठीं मुद्दाम वन लावावें ही कल्पना कांहीं आजची नाहीं. रानांत आयता मिळणारा साग संपत चालला हें पाहून मलबारचे कलेक्टर कोनोली यांनीं १८४० नंतरच्या दशकांत निलंबूर येथें सागाची लागवड आरंभिली, आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनीं ती प्रत्यक्षांत आणली. त्या लागवडींतील कांहीं प्रचंड वृक्ष आजही तेथें उभे आहेत. पण तें भांडवल सरकारचें होतें. सरकारास पन्नास-साठ वर्षें वाट पाहतां येते. मुलीचें लग्न आणि सोसायटीचा हप्ता डोक्यावर असलेल्या शेतकऱ्यास, किंवा पेन्शनीवर जगणाऱ्या ठेवीदारास, ती पाहतां येत नाहीं. झाडाच्या धंद्यांतील बहुतेक फसवणूक या एका अडचणींतून जन्मास येते.

इ. स. १९९० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत सागाच्या कंपन्यांचें जें पीक आलें होतें तें पुष्कळांस स्मरत असेल. आमच्या मामांनीं अशाच एका कंपनींत पैसे गुंतविले होते. तिचें प्रमाणपत्र त्यांच्या ट्रंकेंत अद्याप आहे. कागद उत्तम, वर हिरव्या शाईंत सागाचें पान. झाड मात्र त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. अशा कंपन्यांच्या आश्वासनांचें गणित कोणीं मांडून पाहिलें असतें तर बरें झालें असतें. समजा, आज दिलेल्या एक हजाराचे वीस वर्षांनीं पन्नास हजार होतील असें कोणी म्हणाला, तर त्याचा अर्थ दरसाल सुमारें साडेएकवीस टक्के चक्रवाढ व्याज असा होतो. सागाचें झाड काय इतक्या वेगानें वाढतें? दोन मीटर अंतरानें सागाच्या जड्या लावल्या तर हेक्टरीं अडीच हजार रोपें बसतात. परंतु वेळोवेळीं विरळणी करावी लागते आणि अखेरच्या तोडणीस त्यांतील थोडींच शिल्लक राहतात. शिवाय कोंवळ्या सागांत बाहेरचें पांढरें लांकूड फार आणि आंतला पक्का गाभा कमी. भाव मिळतो तो घेरास व गाभ्यास. जाहिरातदारांनीं झाडें मोजलीं तीं लागवडीच्या दिवसाचीं, आणि भाव धरला तो जुन्या रानांतील सागाचा!

या योजनांवर १९९७ सालीं सरकारची दृष्टि गेली, आणि १९९९ सालीं सेबीनें सामूहिक गुंतवणूक योजनांसाठीं नियम केले. तोंवर अनेक कंपन्या बुडाल्या होत्या.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. त्याच दशकांत हॉलंडमधील एका विमा कंपनीनें कोस्टारिका देशांतील सागाच्या लागवडींत लोकांचे पैसे गुंतविण्याची योजना काढली, आणि तिला एका नामांकित निसर्गरक्षक संस्थेचा पाठिंबाही होता. पुढें लांकडाच्या उत्पन्नाचे अंदाज फुगविलेले आहेत असा आक्षेप आला आणि मोठा वाद माजला. वनाची निगा नीट आहे, असा दाखला फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलसारख्या संस्थेच्या मार्फत मिळूं शकतो आणि तो मोलाचाही आहे. परंतु तो व्याजाचा दाखला नव्हे. सद्धेतूनें घातलेला पैसाही चुकीच्या हिशेबानें बुडतो.

आतां दुसरी बाजू. उत्तर हिंदुस्थानांतील पॉप्लर वृक्षाचा इतिहास आमच्या मतें प्रत्येक शेतकऱ्यास माहीत असावा. आगपेट्या करणाऱ्या विम्को कंपनीस काड्यांसाठीं मऊ लांकूड हवें होतें. तिनें १९८४ च्या सुमारास नाबार्डच्या साह्यानें पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांतील शेतकऱ्यांसाठीं एक योजना सुरू केली. निवडक जातीचीं रोपें कंपनीनें द्यावयाचीं, बँकेनें कर्ज द्यावयाचें, कंपनीच्या माणसांनीं शेतावर येऊन सल्ला द्यावयाचा, आणि ठराविक घेराचें झाड आठव्या वर्षीं ठरलेल्या किमान भावानें कंपनीनेंच घ्यावयाचें. शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नांवावर राहिली.

या झाडाचा एक मोठा गुण असा कीं थंडींत त्याचीं पानें गळतात. त्यामुळें ओळींमधल्या गव्हास ऊन मिळतें. पहिलीं दोन वर्षें ऊंसही घेतां येतो. पांच मीटर बाय चार मीटर अंतरानें एकरीं सुमारें दोनशें झाडें बसतात आणि सहा ते आठ वर्षांत तीं तोडणीस येतात. म्हणजे शेतकऱ्याचें घर मधल्या काळांत गव्हावर चालतें आणि झाड हें मोठ्या खर्चाच्या वर्षाची ठेव होते. पुढें प्लायवूडचे कारखाने वाढले, यमुनानगर ही या लांकडाची मोठी पेठ बनली, आणि गिऱ्हाइकांत चढाओढ लागली. अर्थात् तेथेंही सर्व गोड झालें नाहीं. या शतकाच्या आरंभीं एकाच वेळीं फार लांकूड बाजारांत आलें, भाव कोसळले, आणि पुष्कळांनीं लागवड काढून टाकली. कांहीं वर्षांनीं लांकूड कमी पडूं लागतांच भाव पुन्हां चढले. पण ज्यांनीं पडत्या भावांत तोडलें त्यांचें नुकसान कोणीं भरून दिलें नाहीं.

पॉप्लर आपल्या हवेंत नीट येत नाहीं, तेव्हां त्याचें अनुकरण करा असें आम्ही म्हणत नाहीं. घ्यावयाचा तो त्या व्यवहाराचा सांचा. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानेंही हेंच सांगितलें आहे कीं, लांकडावर चालणाऱ्या कारखान्यानें आपला कच्चा माल शक्यतों पिकविणाऱ्याशीं थेट संबंध जोडून, त्यास कर्ज, सल्ला, तोडणी व वाहतूक यांचें साह्य देऊन मिळवावा.

आमच्या गृहस्थांच्या पत्रकांत साग लावावयाचा होता. सागाचें नांव महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचींत आहे. स्वतःच्या बांधावरचा साग तोडावयाचा तरी परवानगी लागते. तेव्हां लावतांनाच सात-बाराच्या उताऱ्यावर झाडांची नोंद करून घेणें अवश्य आहे. ती नसेल तर पंधरा वर्षांनीं परवानगीच्या वेळीं हेलपाटे कोणीं घालावयाचे? कराराप्रमाणें तें काम शेतकऱ्याचें, आणि नफ्याचा मोठा वांटा मात्र भांडवलवाल्याचा. मध्यें आग लागली, गुरें शिरलीं, तर जबाबदारी पुन्हां शेतकऱ्याचीच. पहिल्या पंधरा वर्षांत त्यास भाडें किंवा आंतरपिकाचा हक्क यांपैकीं कांहीं नव्हतें.

त्यांस आम्हीं सुचविलें कीं, त्या तरुणांस घरीं बोलवावें. तीं मुलें लबाड आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. बहुधा त्यांनीं शेत पाहिलेलें नाहीं. जमिनीचें वार्षिक भाडें, ओळींमधील पिकाचा हक्क, खरेदीदाराची लेखी हमी, आणि विरळणीच्या लांकडांत वांटा, एवढें करारांत घालण्यास ते तयार असतील तर सही करावी. सागाऐवजीं कांहीं भागांत बांबू लावण्याचेंही विचारावें. २०१७ सालीं भारतीय वन कायद्यांतील झाडाच्या व्याख्येंतून बांबू वगळला गेल्यापासून खाजगी शेतांतील बांबूची अडचण बरीच कमी झाली आहे, आणि त्याची तोडणी पांच वर्षांच्या आंतच सुरू होते.

बोलणीं येत्या पंधरवड्यांत व्हावयाचीं आहेत. अशींच पत्रकें ज्या इतर सभासदांकडे आलीं असतील त्यांनीं सही करण्यापूर्वीं कराराचा मसुदा मंडळाच्या कचेरींत आणून दाखवावा.