नऊ इंचांवरचा डोळा

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा, आर्वी, आष्टी भागात संत्र्याची बाग लावायची म्हटलं की गाडी नदी ओलांडते. पलीकडे वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट हे कलमांचं माहेर. तिथल्या पन्हेऱ्यांत बांधलेली रोपं या भागातल्या वावरांत येतात. मुळं जंबेरी लिंबाची, माथा नागपुरी संत्र्याचा.

सुरुवात जंबेरीच्या बियांपासून. त्या ताज्याच पेराव्या लागतात. वाळवून ठेवल्या तर उगवण घटते. एका बीतून बहुधा एकाहून जास्त अंकुर निघतात आणि त्यातले बरेचसे हुबेहूब आईसारखे असतात. म्हणून वाफ्यातली खुरटी, वेगळ्या पानाची रोपं उपटून टाकायची. इथे जीव हळहळला की पुढे बाग एकसारखी येत नाही.

जंबेरीच्या रोपाचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. विदर्भात हे काम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालतं. पावसात चिरेत पाणी शिरतं, उन्हाळ्यात डोळा सुकतो. पण महिन्यापेक्षा साल महत्त्वाची. खुंटात रस चालू असेल तरच ती लाकडापासून अलगद सुटते. सुटत नसेल तर चाकू खिशात ठेवावा.

खुंटाच्या सालीवर आधी आडवी चीर, तिच्या मध्यातून खाली उभी. चाकूच्या बोथट टोकाने साल दोन्हीकडे उचलायची. संत्र्याच्या काडीवरचं पान आधीच छाटलेलं, देठाचा तुकडा तेवढा ठेवलेला. त्या देठाला धरून डोळ्यासकट सालीची इंचभर ढाल काढायची आणि सालीखाली सरकवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी. सराईत माणसाला हे सारं करायला मिनिटही लागत नाही.

कलमाची दुसरी एक तऱ्हा बघा. जपानी मेपलच्या बोन्सायवर खोडाला आरपार भोक पाडून त्याच झाडाची कोवळी डहाळी त्यातून ओवतात, तीही पालवी फुटण्याआधी. डहाळी आपल्याच झाडाच्या मुळांवर जगत असते. जुळायला एक-दोन वर्षं लागली तरी बिघडत नाही. संत्र्याच्या डोळ्याला ही चैन नाही. तो आईपासून तुटलेलाच असतो, दोन-तीन आठवड्यांत काय ते ठरतं. डोळा हिरवा आणि देठ बोट लावताच गळून पडला, तर कलम लागलं. देठ वाळून चिकटून बसला, तर गेलं. लागलेल्या डोळ्याच्या वरचा खुंट मग छाटतात.

हातसफाईचं कौतुक फार होतं, पण माझ्या मते बाग ठरते ती दोन गोष्टींवर. डोळा कोणत्या झाडाचा, आणि बांधला किती उंचीवर. रोगट झाडाचा डोळा घेतला तर रोगही फुकटात येतो. आणि डिंक्या, म्हणजे फायटोप्थोरा, ओल्या मातीतूनच खोडावर चढतो. त्याच्यापुढे जंबेरीचीही खात्री नाही. म्हणून डोळा जमिनीपासून नऊ इंचांच्या आसपास हवा. नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था निर्जंतुक मातीत, पिशवीत वाढवलेल्या रोपांचा आग्रह धरते तो याच डिंक्याच्या भीतीने. उंच डोळ्याचं कलम आणून शेवटी खड्ड्यात जोडापर्यंत माती ओढणारेही काही कमी नाहीत.

या पावसाळ्यात कलमं आणायला जाल तेव्हा भावाआधी उंची मोजा, आणि डोळे कोणत्या झाडावरून घेतले ते विचारा. विक्रेता ते झाड दाखवायला तयार नसेल, तर गाडी रिकामी परत आणा.