जुन्या लॅपटॉपला संजीवनी की निरोप?

माहीमहून धिम्या लोकलने सातवं स्टेशन ग्रँट रोड. तिथून चालत गेलं की लॅमिंग्टन रोड, पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रॅम, एसएसडी, बॅटरी, सगळं मिळतं. पण खिशात किती पैसे न्यायचे, हे घरीच ठरवता येतं.

आधी प्रोसेसर पाहावा. विंडोज १०साठीचा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर. ही पिढी २०१७च्या उत्तरार्धात आली. ‘आय५-७२००यू’मधला ७ म्हणजे सातवी पिढी; थोडक्यात हुकली! अशा यंत्रावर लिनक्स मिंट मात्र मजेत चालतं.

प्रोसेसर पास झाला, पण आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीचा. लॅपटॉपची जुनी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५००च्या आसपास. विखुरलेल्या छोट्या फायलींत तर तुलनाच नको.

रॅम वाढवण्याआधी स्लॉट आहे का, ते तपासावं. मॅकबुक एअरमध्ये २००८च्या पहिल्या मॉडेलपासून ती बोर्डलाच सोल्डर केलेली असते.

बॅटरी, कीबोर्ड बदलण्याजोगे. मदरबोर्डच गेला असेल, त्यातही खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेने गंजून, तर दुरुस्तीच्या फंदात न पडलेलं बरं. डेटा काढून घ्यावा आणि लॅपटॉप नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.