जुन्या जीपला नवा काटा

नगर शहराचे वाहनांशी असलेले नाते जुने आहे. लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा येथे आहे, संरक्षण खात्यासाठी वाहनांचे संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्थाही येथेच आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय तर पर्यटकांचे आकर्षण ठरले आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामकरण झाले, पण येथील घाट आणि त्यांतील वळणे होती तशीच आहेत. पाथर्डीच्या वाटेवरील करंजी घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, अकोल्याहून राजूरमार्गे भंडारदऱ्याकडे चढत जाणारा रस्ता. जुनी जीप जतन करणाऱ्या हौशी माणसाला तिची परीक्षा घेण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

या परीक्षेत जुन्या जीपची एक उणीव हटकून जाणवते. विलीज जीपच्या परंपरेतील वाहनांच्या डॅशबोर्डवर वेग, इंधन, तापमान, तेलाचा दाब व चार्जिंग दाखविणारे काटे असतात. पण इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेत आहे, हे दाखविणारा टॅकोमीटर बहुधा नसतो. चालक आवाजावरून अंदाज बांधतो. मात्र कापडी टप, टायरांचा घोष आणि गिअरबॉक्सची घरघर यांत हा अंदाज फसू शकतो.

अंदाज फसण्याचा खरा धोका चढणीपेक्षा उतारावर असतो. डिझेल इंजिनाच्या पंपावरील गव्हर्नर ठराविक फेऱ्यांनंतर इंधन तोडतो, त्यामुळे इंजिन सुरक्षित आहे असा अनेकांचा समज असतो. परंतु उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडीचे वजनच चाकांमार्फत इंजिनाला फिरविते. तेथे इंधन तोडून उपयोग नसतो. फेऱ्या मर्यादेबाहेर गेल्या, तर व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाहीत, पिस्टन त्यांवर आदळू शकतो आणि कनेक्टिंग रॉडवर असह्य ताण येतो. म्हणूनच बाजारात मिळणारा टॅकोमीटर बसविणे हा केवळ सजावटीचा विषय नाही.

हे उपकरण फेऱ्या प्रत्यक्ष पाहत नाही. ते फक्त विजेचे ठोके मोजते आणि त्यांना एका ठराविक अंकाने भागून काटा हलविते. म्हणून जोडणीपूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत : ठोके कोठून घ्यावयाचे आणि भागाकार कितीने करावयाचा?

पेट्रोल इंजिनात पहिले उत्तर सोपे आहे. इग्निशन कॉइलच्या ज्या टोकापासून तार डिस्ट्रिब्युटरकडे जाते, त्या ऋण टोकाला टॅकोमीटरची संदेशवाहक तार जोडतात. प्रत्येक ठिणगीला तेथे एक ठोका मिळतो. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. सीजे-३बी जीपमधील ‘हरिकेन’सारखे चार सिलिंडरचे इंजिन त्यामुळे दर फेरीला दोन ठोके देते. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सान पेट्रोलच्या धर्तीवर बनलेल्या लष्करी ‘जोंगा’चे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन तीन ठोके देते. चार सिलिंडरचे इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला १०० ठोके पडतात.

डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे कॉइलही नसते. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जीपमध्ये पेट्रोल गाडीचा टॅकोमीटर आणून बसविणाऱ्याची येथेच निराशा होते. अशा वेळी अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून ठोके घेता येतात. तेथे मिळणारी वीज दिशा बदलणारी असते. अल्टरनेटरला बारा ध्रुव असतील, तर त्याच्या एका फेरीत सहा ठोके मिळतात. आणि पुलीच्या प्रमाणामुळे तो इंजिनाच्या दुप्पट फिरत असेल, तर इंजिनाच्या एका फेरीला बारा. यासाठी डिझेलला चालणारा, ठोक्यांचे प्रमाण बदलता येणारा टॅकोमीटरच घ्यावा लागतो. ‘डब्ल्यू’ टोक नसेल, तर जाणकार कारागिराकडून ते काढून घेता येते. जुना डायनॅमो असेल, तर फ्लायव्हीलचे दाते मोजणारा सेन्सर हा पर्याय उरतो.

खरेदीपूर्वी गाडीचा व्होल्टेजही पाहिला पाहिजे. आजचे बहुतेक टॅकोमीटर १२ व्होल्टचे असतात. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप ६ व्होल्टवर चाले, तर अनेक लष्करी वाहनांची व्यवस्था २४ व्होल्टची असते. जुन्या ब्रिटिश वाहनांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडण्याची पद्धत होती. अशा गाडीत नेहमीप्रमाणे तारा जोडल्यास नवे उपकरण पहिल्याच क्षणी जळू शकते.

प्रत्यक्ष जोडणीत साधारणपणे चार तारा असतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल काढून ठेवावी. वीजपुरवठ्याची तार किल्ली फिरविल्यावरच वीज मिळेल अशा ठिकाणाहून घ्यावी, आणि त्या ठिकाणाजवळच, उपकरणासोबतच्या पत्रकात सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज टाकावा. दुसरी तार अर्थची. ती रंग व गंज खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर घट्ट बसवावी. काटा थरथरण्याचे कारण अनेकदा ही कच्ची अर्थच असते. तिसरी तार दिव्याची, ती डॅशबोर्डच्या दिव्यांना जोडावी.

सर्वाधिक जपावयाची ती चौथी, संदेशवाहक तार. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या ऋण टोकावर बॅटरीच्या कित्येक पट, शेकडो व्होल्टचा झटका येतो. म्हणून तिचे आवरण उत्तम हवे. पत्र्याच्या छिद्रातून नेताना रबरी ग्रोमेट घालावा. तार घासून पत्र्याला टेकली, तर पॉइंट उघडूनही वीज खंडित होत नाही, ठिणगी बंद पडते आणि गाडी घाटात जागच्या जागी थांबते. स्पार्क प्लगच्या जाड तारांपासून व सायलेन्सरच्या नळीपासूनही तिला दूर ठेवावे.

यानंतर उरतो तो भागाकार. चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत मागील बटण चुकून आठवर राहिले, तर इंजिन ४००० फेऱ्या घेत असताना काटा निवांतपणे २००० दाखवितो. ‘हरिकेन’ आपली सर्वाधिक शक्ती ४००० फेऱ्यांच्या आसपास देते, हे लक्षात घेता ही चूक किती महाग पडेल ते कळते. डिझेलमध्ये पुलीचे प्रमाण चुकले किंवा पट्टा सैल होऊन घसरला, तरी काटा खोटे बोलू लागतो. म्हणून क्रँक पुलीवर चकाकणारी पट्टी चिकटवून हातात धरावयाच्या प्रकाशीय टॅकोमीटरने फेऱ्या मोजाव्यात, आणि बसविलेल्या काट्याशी त्या किमान दोन वेगांवर ताडून पाहाव्यात. इंजिनाच्या पुस्तिकेतील कमाल फेऱ्यांवर तबकडीवर तांबडी खूण करावी.

काटा नसलेला चालक निदान कान देऊन गाडी चालवितो. चुकीच्या काट्यावर विसंबलेला मात्र कानांवरही विश्वास ठेवीत नाही. करंजी घाट उतरण्यापूर्वी अर्धा तास पडताळणीत गेला, तर इंजिनाच्या दुरुस्तीत जाणारे कित्येक महिने वाचू शकतात.