मूत्रपिंडाचा कर्करोग : निदानाची बदलती वाटचाल

लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे व पोटात गाठ हाताला लागणे ही मूत्रपिंडाच्या कर्करोगाची तीन लक्षणे वैद्यकीय ग्रंथांतून पूर्वापार सांगितली जात आहेत. मात्र मूत्रपिंड उदराच्या मागील बाजूस खोलवर असल्याने लहान गाठीचा त्रास सहसा जाणवत नाही. तिन्ही लक्षणे एकत्र दिसेपर्यंत रोग बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असे.

१९७१ साली इंग्लंडमध्ये सी. टी. स्कॅन यंत्राने प्रथमच रुग्णाची तपासणी झाली. पुढे सोनोग्राफीचाही प्रसार झाला आणि हे चित्र पालटले. पित्ताशयातील खड्यांसारख्या अन्य कारणासाठी पोटाची तपासणी करताना मूत्रपिंडातील लहान गाठी अकस्मात आढळू लागल्या. अमेरिकेतील नोंदींनुसार, १९७५ ते १९७७ या काळात निदान झालेल्या रुग्णांचे पाच वर्षांचे सापेक्ष जीवितप्रमाण सुमारे ५० टक्के होते. अलीकडे ते ७५ टक्क्यांच्या वर गेले आहे. रोग मूत्रपिंडापुरताच मर्यादित असल्यास हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते.

तथापि, या आकड्यांचा अर्थ विवेकाने लावला पाहिजे. निदान लवकर झाले की आयुष्य वाढले नाही तरी निदानानंतरचा काळ लांबलेला दिसतो. शिवाय काही लहान गाठी निरुपद्रवी वा अत्यंत मंदगतीने वाढणाऱ्या असतात. म्हणूनच जीवितप्रमाण जितके वाढले, तितक्या प्रमाणात लोकसंख्येतील मृत्युदर घटला नाही.

उपचारांतील प्रगती मात्र निर्विवाद आहे. पूर्वी संपूर्ण मूत्रपिंड काढीत. आता लहान गाठ असल्यास शक्यतो तेवढाच भाग काढून उर्वरित मूत्रपिंड वाचवितात. पसरलेल्या रोगावर २००५ पासून नवी लक्ष्यवेधी औषधे आणि २०१५ पासून प्रतिकारशक्तीस चालना देणारी नवी औषधे उपलब्ध झाली.

अशा बदलांचे मोजमाप नोंदींवाचून होत नाही. मुंबईत १९६३ साली, तर ग्रामीण भागासाठी बार्शी येथे १९८७ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली, हे महाराष्ट्रास भूषणावह आहे.

सर्वांची सरसकट तपासणी करण्याची आवश्यकता नाही. धूम्रपान, लठ्ठपणा व उच्च रक्तदाब यांना आळा घालणे अधिक हिताचे होय. मात्र लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी वेदना नाही म्हणून किंवा उष्णतेचा विकार समजून ते अंगावर काढू नये. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी एक गोष्ट घरोघरी पोहोचविली, तरी अनेकांचे निदान वेळेवर होऊ शकेल.