मतांवर झालेला कर्नल

डेव्हिड क्रॉकेट म्हटलं की अमेरिकन माणसाला रॅकूनच्या कातड्याची टोपी आणि १८३६ सालची अलामोची लढाई आठवते. तो तिथे मारला गेला, त्यामुळे अजरामरही झाला. मला मात्र त्याच्या मरणापेक्षा त्याच्या निवडणुका वाचायला आवडतात.

तेव्हा त्याच्या टेनेसी राज्यात मिलिशिया असे, म्हणजे गावकऱ्यांचीच फौज. १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषांची नावं तिच्यात नोंदली जात. बंदूक ज्याची त्याने आणायची, ठरल्या दिवशी कवायतीला जमायचं. आणि अधिकारी? तेसुद्धा याच मंडळींनी मतं देऊन निवडायचे. राज्याच्या १७९६ च्या घटनेतच तशी तरतूद होती. साहजिकच युद्धकलेपेक्षा चार माणसांत बोलता येणं जास्त कामाला येई.

क्रॉकेट लढला नव्हता असं नाही. १८१३ मध्ये क्रीक या मूळनिवासी लोकांविरुद्धच्या मोहिमेत तो होता. एका घरात शिरलेल्या ४६ योद्ध्यांना घरासकट जाळल्याचं त्याने आत्मचरित्रात स्वतःच सांगितलंय. ते पान वाचवत नाही.

पण कर्नलपद त्याला मिळालं ते १८१८ मध्ये, आणि रागाच्या भरात. कॅप्टन मॅथ्यूज नावाच्या शेजाऱ्याने गळ घातली, ‘मी कर्नलला उभा राहतो, तू मेजरला राहा.’ याने होकार दिला. मग मॅथ्यूजच्याच घरच्या मेजवानीत कळलं, की मेजरच्या जागेसाठी त्याचा मुलगाही उभा आहे! क्रॉकेट म्हणाला, घराण्याशीच लढायचं तर थेट कर्त्याशी लढतो. तो कर्नलपदाला उभा राहिला आणि मॅथ्यूजला पाडून लेफ्टनंट कर्नल झाला.

तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, स्वारी राज्याच्या विधिमंडळात. शिक्षण जेमतेम काही महिन्यांचं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स पोक त्याला म्हणाले, न्यायव्यवस्थेत आता मोठे बदल होतील बहुधा. ‘होतीलच,’ म्हणून क्रॉकेटने तिथून काढता पाय घेतला. न्यायव्यवस्था म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत होती!

जमिनीचा प्रश्न मात्र त्याला नेमका कळत होता. गरीब कुटुंबाने रान तोडून शेत करावं आणि जमिनीचं जुनं हक्कपत्र घेऊन भलत्यानेच दारात उभं राहावं, हे तिथे नेहमीचंच होतं. अशा लोकांची बाजू तो पुढे काँग्रेसमध्येही मांडत राहिला. यातली बरीच जमीन मुळात चिकसॉ या मूळनिवासी लोकांची, हे तेव्हा कोण बोलणार?

विधिमंडळात गेला त्याच वर्षी, १८२१ मध्ये, पुरात त्याची गिरणी वाहून गेली. देणी भागवून तो पश्चिमेच्या जंगलात गेला. तिथे कुणीतरी थट्टेने विधिमंडळासाठी त्याची उमेदवारी छापून टाकली, तर हा खरंच उभा राहिला! समोर डॉक्टर बटलर, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या नात्यातले. क्रॉकेटने प्रचाराची युक्ती उघड सांगितली: शिकारीच्या सदऱ्याच्या एका खिशात दारूची बाटली, दुसऱ्यात तंबाखू. मतदार घोट घेण्याआधी तोंडातली तंबाखू थुंकणार, म्हणून वर ताजी तंबाखू द्यायची. माणूस होता त्याहून वाईट स्थितीत सोडायचा नाही. १८२३ ची ती निवडणूकही त्याने जिंकली.